मैदानाच्या कडेला कोण उभे आहे? क्रीडोपचाराच्या विद्यार्थ्यांची प्रादेशिक परिषद : सुरत ते गोवा

५ डिसेंबर २००४ रोजी बेंगळुरूच्या कंठीरवा स्टेडियमवर फेडरेशन चषक फुटबॉल स्पर्धेचा अंतिम सामना चालू होता. गोव्याचा डेम्पो संघ मोहन बागानविरुद्ध खेळत होता. डेम्पोचा ब्राझिलियन आघाडीपटू क्रिस्टियानो ज्युनियर याने आपला दुसरा गोल केला आणि त्याच क्षणी गोलरक्षकाशी टक्कर होऊन तो कोसळला. तो पुन्हा उठला नाही. त्याचे वय अवघे पंचवीस होते. चषक गोव्यात आला. पण त्या विजयाची आठवण गोमंतकीय फुटबॉलरसिकांच्या मनात आजही शोकासह येते. मैदानावरील वैद्यकीय व्यवस्था कशी असावी, याची चर्चा त्यानंतर देशभर झाली.

२ जानेवारी २०२३ रोजी अमेरिकेतील सिनसिनाटी येथे डमार हॅमलिन हा अमेरिकन फुटबॉलचा खेळाडू असाच भर सामन्यात कोसळला. छातीवर बसलेल्या आघातानंतर त्याचे हृदय थांबले होते. बफेलो संघाचे सहायक ॲथलेटिक ट्रेनर डेनी केलिंग्टन यांनी तत्काळ छातीवर दाब देण्यास सुरुवात केली, विद्युत झटका देणारे यंत्र वापरले गेले आणि नऊ दिवसांनी हॅमलिन रुग्णालयातून घरी परतला. पुढच्याच हंगामात तो पुन्हा मैदानात उतरला. या दोन घटनांच्या वैद्यकीय कारणांची तुलना करणे योग्य नव्हे. लक्षात घ्यायची ती मैदानाच्या कडेची तयारी. अशा तयारीचे शिक्षण ज्यांना दिले जाते त्या विद्यार्थ्यांविषयी, त्यांना एकत्र आणणाऱ्या प्रादेशिक परिषदांविषयी आणि पश्चिम भारतात अशी परिषद कोठे व कशी रुजू शकेल याविषयी हा लेख आहे.

ॲथलेटिक ट्रेनर म्हणजे कोण?

‘ट्रेनर’ हा शब्द ऐकला की आपल्याकडे व्यायामशाळेत वजने उचलायला शिकवणारी व्यक्ती डोळ्यांसमोर येते. अमेरिकेत मात्र ‘ॲथलेटिक ट्रेनर’ ही मान्यताप्राप्त आरोग्यसेवक व्यक्ती असते. दुखापत होऊ नये म्हणून खेळाडूची पूर्वतयारी करून घेणे, दुखापत झाल्यास जागेवरच तिचे स्वरूप ओळखणे, तातडीचे उपचार देणे, डॉक्टरांकडे केव्हा पाठवायचे याचा निर्णय घेणे आणि बरा झालेला खेळाडू पुन्हा केव्हा खेळू शकेल हे डॉक्टरांच्या सल्ल्याने ठरवणे, ही त्याची कामे होत. फिजिओथेरपिस्ट बहुधा दुखापतीनंतर दवाखान्यात भेटतो, प्रशिक्षक खेळाचे डावपेच शिकवतो. ॲथलेटिक ट्रेनर या दोघांच्या मधल्या जागेत, म्हणजे मैदानाच्या रेषेवर उभा असतो. या लेखात या कामासाठी ‘क्रीडोपचार’ हा शब्द सोयीसाठी वापरला आहे.

या व्यवसायाची अमेरिकेतील राष्ट्रीय संघटना १९५० साली कॅन्सस सिटी येथे स्थापन झाली. १९७० पासून प्रमाणपत्र परीक्षा सुरू झाली आणि १९९० साली तेथील वैद्यक संघटनेने या व्यवसायाला आरोग्यसेवेची शाखा म्हणून मान्यता दिली. आता या क्षेत्रात प्रवेशासाठी पदव्युत्तर पदवी हीच किमान पात्रता ठरली असून, २०२२ च्या शरद सत्रानंतर पदवी स्तरावरील व्यावसायिक अभ्यासक्रमात नवे प्रवेश बंद झाले आहेत. संघातील पट्ट्या बांधणारा मदतनीस ते पदव्युत्तर शिक्षण घेतलेला आरोग्यसेवक, हा प्रवास साधारण सात दशकांचा आहे. त्या प्रवासात विद्यार्थ्यांच्या परिषदांचा वाटा लहान नाही.

प्रादेशिक परिषद काय करते?

अमेरिकेतील या संघटनेने देशाचे प्रादेशिक विभाग पाडले आहेत आणि विभागांची अधिवेशने भरतात. त्यांत विद्यार्थ्यांसाठी स्वतंत्र सत्रे असतात. राष्ट्रीय अधिवेशन मोठे, खर्चिक आणि दूरचे असते. प्रादेशिक परिषदेला मात्र विद्यार्थी रात्रीचा प्रवास करून पोहोचू शकतो, एखाद्या वसतिगृहात उतरू शकतो आणि दोन दिवसांत परतू शकतो. तेथे भेटणारी माणसेही पुढे त्याच्याच परिसरात काम करणारी असतात. एखाद्या स्पर्धेत शेजारच्या जिल्ह्याचा संघ आला, तर त्या संघासोबतची व्यक्ती आपण परिषदेत पाहिलेली असते, आणि संकटाच्या वेळी ही ओळख उपयोगी पडते.

अशा परिषदेचे स्वरूप साधारणपणे पाच अंगांचे असते. पहिले अंग व्याख्यानांचे : अनुभवी डॉक्टर वा उपचारक एखाद्या विषयातील बदललेले ज्ञान समजावून सांगतात. दुसरे अंग हाताने करण्याच्या कार्यशाळांचे : मानेला इजा झालेल्या खेळाडूला फळीवर कसे घ्यावे, घोट्याला पट्टी कशी बांधावी, छातीवर दाब कसा द्यावा, हे जमिनीवर गुडघे टेकून शिकावे लागते. तिसरे अंग विद्यार्थ्यांच्या सादरीकरणाचे : एखादा विद्यार्थी स्वतः पाहिलेल्या एका रुग्णाची हकीकत, नाव न उघड करता, दहा मिनिटांत मांडतो किंवा भित्तिपत्रक लावून उभा राहतो आणि प्रश्नांना तोंड देतो. चौथे अंग प्रश्नमंजूषेचे : अमेरिकेत ही स्पर्धा विद्यार्थ्यांत विशेष लोकप्रिय आहे. पाचवे अंग अनौपचारिक भेटींचे : पदवीनंतर काय करावे, नोकरी कोठे मिळेल, वेतन किती, अडचणी कोणत्या, हे प्रश्न विद्यार्थी चहाच्या वेळी मोकळेपणाने विचारतात.

यांपैकी दुसरे आणि तिसरे अंग सर्वांत महत्त्वाचे. पुस्तकातून मिळालेले ज्ञान हातात उतरणे आणि स्वतःचे निरीक्षण इतरांच्या प्रश्नांवर घासून पाहणे, हे दोन लाभ वर्गात सहज मिळत नाहीत.

भारतातील स्थिती : तीन वाटा, एक मैदान

‘ॲथलेटिक ट्रेनर’ ही स्वतंत्र व्यावसायिक ओळख भारतात रुजलेली नाही. ते काम आपल्याकडे तीन प्रकारच्या व्यक्तींत विभागलेले आहे आणि त्यांचे शिक्षण तीन वेगळ्या वाटांनी होते.

पहिली वाट फिजिओथेरपीची. चार वर्षांचे अध्ययन आणि त्यापुढे आंतरवासिता, असे तिच्या पदवीचे स्वरूप अनेक वर्षे राहिले आहे. पदव्युत्तर स्तरावर क्रीडा हा विषय विशेष अभ्यासासाठी घेता येतो. भारतीय फिजिओथेरपिस्ट संघटना १९५५ साली स्थापन झाली. २०२१ च्या संलग्न आरोग्यसेवा व्यवसायविषयक राष्ट्रीय कायद्याने फिजिओथेरपीला वैधानिक चौकट दिली. दुसरी वाट शारीरिक शिक्षणाची. ग्वाल्हेर येथील लक्ष्मीबाई राष्ट्रीय शारीरिक शिक्षण संस्था १९५७ साली, अठराशे सत्तावन्नच्या शताब्दी वर्षात सुरू झाली. शाळाशाळांतून काम करणारे शारीरिक शिक्षक या वाटेने घडतात. तिसरी वाट प्रशिक्षकांची. पतियाळा येथील नेताजी सुभाष राष्ट्रीय क्रीडा संस्था १९६१ पासून प्रशिक्षक घडवीत आहे आणि क्रीडावैद्यकाचे शिक्षणही तेथे मिळते.

या तिन्ही वाटा आपापल्या जागी उपयुक्त आहेत. अडचण अशी की, त्या मैदानावर एकत्र येतात, शिक्षणात मात्र येत नाहीत. शाळेच्या सामन्यात मूल पडते तेव्हा त्याच्याजवळ सर्वप्रथम पोहोचतो तो शारीरिक शिक्षक. फिजिओथेरपिस्ट तेथे नसतोच. जिल्हा स्पर्धेत प्रशिक्षक असतो, पण डोक्याला मार लागलेल्या खेळाडूला बाहेर काढण्याचा निर्णय घेताना त्याच्या मनावर निकालाचे ओझे असते. ज्याला उपचाराचे सर्वांत अधिक ज्ञान, तो दवाखान्यात. आणि ज्याला ते सर्वांत कमी, तो मैदानात, अशी ही उलटी मांडणी आहे. तिन्ही शाखांच्या विद्यार्थ्यांना एकत्र बसवून एकच आपत्कालीन कृती शिकवणारी, ठराविक काळाने त्याच प्रदेशात भरणारी परिषद हा या दोषावरचा सर्वांत स्वस्त उपाय होय.

तालमीतला वारसा

खेळ शिकवणाऱ्यानेच दुखापतीवर इलाज करावा, ही कल्पना मराठी माणसाला परकी नाही. तालमीतील वस्ताद निखळलेला खांदा बसवीत, मुरगळलेला पाय चोळून देत आणि कोणी किती दिवस मातीत उतरायचे नाही हेही ठरवीत. बडोद्यातील जुम्मादादा व्यायाममंदिराचे राजरत्न प्राध्यापक माणिकराव यांची ख्याती व्यायामशिक्षक म्हणून जितकी होती, तितकीच हाडवैद्यकातील जाणकार म्हणूनही होती. त्याच बडोद्यात दत्तात्रेय चिंतामण मुजुमदार यांनी दहा खंडांचा मराठी ‘व्यायाम ज्ञानकोश’ संपादित केला. गुजरातच्या भूमीवर, सयाजीराव गायकवाडांच्या प्रागतिक राजवटीची पार्श्वभूमी असलेल्या नगरीत मराठीतून झालेले हे कार्य आजही थक्क करणारे आहे.

अमरावतीचे श्री हनुमान व्यायाम प्रसारक मंडळ १९१४ साली वैद्य बंधूंनी स्थापन केले. १९३६ च्या बर्लिन ऑलिंपिकच्या वेळी मंडळाच्या पथकाने भारतीय खेळांची प्रात्यक्षिके तेथे दाखवली. निरनिराळ्या प्रांतांतील शिक्षकांनी सुटीत एकत्र जमून व्यायामविद्या शिकावी, ही पद्धत मंडळाच्या उन्हाळी वर्गांनी रूढ केली. आजच्या परिषदेचा हा एक देशी पूर्वावतारच म्हणावा लागेल. या परंपरेची मर्यादाही सांगितली पाहिजे. वस्तादाचे ज्ञान हातात होते, कागदावर क्वचितच उतरले. चूक झाली तर ती कोणी तपासत नसे. मोडलेले हाड चोळल्याने बिघडल्याची उदाहरणेही लोकांना ठाऊक आहेत. हाताचे कौशल्य टिकवून त्याला तपासणीची शिस्त लावणे, हे आधुनिक शिक्षणाचे काम आहे.

सुरतच का?

अशा परिषदेसाठी पश्चिम भारतात सुरत हे स्वाभाविक ठिकाण आहे. त्याची कारणे भूगोलात, लोकवस्तीत आणि अलीकडच्या क्रीडा इतिहासात आहेत.

मुंबई–अहमदाबाद लोहमार्गावरचे हे शहर. येथूनच तापीकाठच्या प्रदेशातून नंदुरबार, अमळनेर, जळगाव असा खानदेशाकडे जाणारा रेल्वेमार्ग निघतो. त्या मार्गाने आलेल्या खानदेशी कुटुंबांनी उधना, लिंबायत या भागांत मोठी मराठी वस्ती उभी केली. सुरत महापालिकेच्या शिक्षण समितीच्या शाळांत गुजरातीबरोबरच मराठी माध्यमाच्याही शाळा आहेत. कोकण रेल्वेने उत्तरेकडे जाणाऱ्या अनेक गाड्या सुरतवरूनच जातात. म्हणजे धुळ्याचा, नाशिकचा, वलसाडचा आणि मडगावचा विद्यार्थी एका रात्रीच्या प्रवासात पोहोचेल असे हे शहर आहे. आता वीर नर्मद यांचे नाव धारण करणारे दक्षिण गुजरात विद्यापीठ येथे आहे. वैद्यकीय व फिजिओथेरपी महाविद्यालयेही शहरात आहेत.

क्रीडेच्या बाबतीत सुरतची ओळख टेबल टेनिसची. २०१८ आणि २०२२ या दोन्ही राष्ट्रकुल स्पर्धांत सांघिक सुवर्णपदक जिंकणाऱ्या भारतीय संघातील हरमीत देसाई हा सुरतचा. २०२२ च्या छत्तिसाव्या राष्ट्रीय क्रीडा स्पर्धांचे यजमानपद गुजरातकडे आले, तेव्हा उद्घाटनाच्या आधीच, २० सप्टेंबरपासून, टेबल टेनिसच्या लढती सुरतच्या पंडित दीनदयाळ उपाध्याय इनडोअर स्टेडियममध्ये झाल्या. बॅडमिंटनही येथेच खेळले गेले, तर डुमसच्या किनाऱ्यावर वाळूतील व्हॉलीबॉल आणि हँडबॉल रंगले. १२ ऑक्टोबर रोजी या स्पर्धांचा समारोपही सुरतमध्येच झाला. वातानुकूलित सभागृहातील टेबल टेनिस आणि उन्हात तापलेल्या वाळूतील व्हॉलीबॉल, या दोन टोकांच्या खेळांतील दुखापती पूर्णपणे भिन्न. पहिल्यात खांदा, कंबर, मनगट यांवर तेच तेच ताण वर्षानुवर्षे पडतात. दुसऱ्यात घोटा, गुडघा आणि उष्णता यांचा धोका. एकाच शहरात दोन्ही शिकता येतील, अशी जागा विद्यार्थ्यांसाठी मोलाची आहे.

त्यातच गुजरातमध्ये २०१० पासून ‘खेल महाकुंभ’ या उपक्रमातून गावपातळीपासून स्पर्धा भरवल्या जातात. २०११ मध्ये स्थापन झालेल्या स्वर्णिम गुजरात क्रीडा विद्यापीठाच्या वडोदरा जिल्ह्यातील देसर येथील संकुलाचे उद्घाटन २९ सप्टेंबर २०२२ रोजी, राष्ट्रीय स्पर्धांच्या उद्घाटनसमयीच झाले. स्पर्धा वाढल्या की खेळाडू वाढतात आणि त्या प्रमाणात दुखापतीही वाढतात. मैदाने आणि पदके यांचा हिशेब ठेवला जातो. मैदानाच्या कडेला उभ्या राहणाऱ्या प्रशिक्षित हातांचा हिशेबही तसाच ठेवला पाहिजे.

दोन दिवसांत काय शिकवावे?

परिषदेचा अभ्यासक्रम ठरवताना मोह असा होतो की, सर्व काही शिकवावे. तो टाळला पाहिजे. ज्या चार प्रसंगी मैदानावरची व्यक्ती जीव किंवा अवयव वाचवू शकते, ते चार प्रसंग तिन्ही शाखांच्या प्रत्येक विद्यार्थ्याच्या हातात पक्के बसले, तर दोन दिवस सार्थकी लागले.

पहिला प्रसंग हृदय थांबण्याचा. कोणाचाही धक्का न लागता खेळाडू कोसळला आणि प्रतिसाद देत नसेल, तर हृदयविकाराचीच शंका प्रथम घ्यावी. छातीच्या मध्यभागी मिनिटाला १०० ते १२० या गतीने, प्रौढांत पाच ते सहा सेंटिमीटर खोल दाब द्यावा आणि विद्युत झटका देणारे स्वयंचलित यंत्र शक्य तितक्या लवकर लावावे. हे दोन्ही उपाय न झाल्यास वाचण्याची शक्यता दर मिनिटाला साधारण सात ते दहा टक्क्यांनी घटते. १२ जून २०२१ रोजी कोपनहेगनमध्ये डेन्मार्कचा ख्रिस्तियन एरिक्सन मैदानात कोसळला, तेव्हा याच दोन उपायांनी तो वाचला. १०८ क्रमांकाची रुग्णवाहिका येईपर्यंतचा वेळ मैदानावरच्या माणसालाच सांभाळायचा असतो.

दुसरा प्रसंग उष्माघाताचा. सुरत आणि गोवा, दोन्हीकडे समुद्राची दमट हवा. घाम वाळत नाही आणि शरीर थंड होत नाही. खेळताना खेळाडू बरळू लागला, तोल जाऊ लागला, चिडचिड करू लागला आणि शरीराचे आतील तापमान ४० अंश सेल्सिअसच्या वर गेले असेल, तर तो उष्माघात. येथे क्रीडावैद्यकाचा नियम स्पष्ट आहे : आधी थंड करा, मग हलवा. बर्फाच्या पाण्यात शरीर बुडवणे हा सर्वांत परिणामकारक उपाय. मोठे टाके नसेल तर ताडपत्रीत खेळाडूला ठेवून, कडा उचलून धरून, त्यात बर्फ व पाणी ओतून ते हलवत राहण्याची रीत अभ्यासकांनी तपासून योग्य ठरवली आहे. ताडपत्री कोणत्या गावात नसते? आणि गोव्यात मासळी बाजारामुळे बर्फही दूर नसतो. गरज आहे ती दोन्ही वस्तू सामन्याआधी मैदानावर आणून ठेवण्याची सवय लावण्याची.

तिसरा प्रसंग डोक्याला व मानेला मार लागण्याचा. शुद्ध हरपली नाही तरीही मेंदूला धक्का बसलेला असू शकतो. गोंधळलेली नजर, डोकेदुखी, मळमळ, तोल जाणे, स्कोअर न आठवणे, यांपैकी काहीही दिसले तर त्या दिवशी खेळाडूने पुन्हा मैदानात उतरायचे नाही. २०२२ मध्ये ॲमस्टरडॅम येथे झालेल्या आंतरराष्ट्रीय तज्ज्ञ परिषदेनेही हेच सूत्र कायम ठेवले आणि खेळाकडे परतणे पायरीपायरीने व्हावे असे सांगितले. वारंवार उलटी, वाढती डोकेदुखी, झटके, हातापायांत अशक्तपणा किंवा मानेत तीव्र वेदना असल्यास तत्काळ रुग्णालय. मानेच्या दुखापतीची शंका असेल, तर चार मित्रांनी उचलून बाहेर आणणे हीच सर्वांत मोठी हानी ठरू शकते.

चौथा प्रसंग नित्याचा : घोटा मुरगळणे. १९७८ साली अमेरिकन डॉक्टर गेब मर्किन यांनी विश्रांती, बर्फ, दाब आणि पाय उंच ठेवणे असे चार शब्दांचे सूत्र दिले आणि ते जगभर पसरले. पुढे २०१४ मध्ये त्यांनी स्वतःच बर्फ व संपूर्ण विश्रांती यांमुळे भरून येण्यास उशीर होऊ शकतो, असे मान्य केले. आता लवकर, पण सोसवेल इतकी हालचाल करण्यावर भर दिला जातो. हाड मोडले असेल का, हे ठरवण्यासाठी कॅनडातील ओटावा येथे १९९२ साली मांडलेले नियम वापरले जातात : घोट्याच्या हाडाच्या ठराविक जागी दाबल्यावर दुखते का आणि खेळाडू चार पावले टाकू शकतो का. या दोन प्रश्नांच्या उत्तरांवर एक्स-रेची गरज ठरते. शिक्षकालाही शिकता येईल असे हे शास्त्र आहे.

याखेरीज दुखापत टाळण्याचे एक सत्र हवेच. जागतिक फुटबॉल महासंघाच्या पुढाकाराने तयार झालेला सरावपूर्व व्यायामक्रम तीन भागांचा, पंधरा व्यायामांचा आणि साधारण वीस मिनिटांचा आहे. आठवड्यातून किमान दोनदा तो नियमाने केल्यास दुखापती लक्षणीय प्रमाणात घटतात, असे संशोधनातून दिसले आहे. त्याला कोणतेही यंत्र लागत नाही. लागतो तो प्रशिक्षकाचा आग्रह.

परिषद आणि परिषदेचा देखावा

आपल्याकडे परिषदांची वाण नाही. दीपप्रज्वलन, शाल-श्रीफळ, लांबलेली स्वागतपर भाषणे, दुपारी घाईत उरकलेले अभ्याससत्र आणि शेवटी प्रमाणपत्रासाठी लागलेली रांग, हे दृश्य विद्यार्थ्यांना चांगले परिचयाचे आहे. प्रमाणपत्र मिळते, पण हात कोरेच राहतात. क्रीडोपचाराच्या परिषदेत हे परवडणारे नाही, कारण येथील अज्ञानाची किंमत दुसरा कोणीतरी मोजतो.

म्हणून अशा परिषदेची कसोटी तीन प्रश्नांत सामावते. प्रत्येक विद्यार्थ्याने स्वतःच्या हाताने किती वेळा छातीवर दाब देण्याचा सराव केला? फिजिओथेरपीचे, शारीरिक शिक्षणाचे आणि प्रशिक्षणाचे विद्यार्थी एकाच गटात बसले का? आणि परतताना प्रत्येक जण आपल्या शाळेसाठी किंवा मैदानासाठी एक लेखी आपत्कालीन योजना घेऊन गेला का? अशी योजना एका पानाची असते : १०८ ला कोण फोन करील, फाटक कोण उघडील, यंत्र कोठे ठेवले आहे, जवळचे रुग्णालय कोणते आणि पालकांना कोण कळवील. सामना सुरू होण्यापूर्वी दोन्ही संघांसमोर ती वाचून दाखवली, तर तेवढ्या दोन मिनिटांतही जीव वाचवण्याची तयारी होते.

भाषेचा प्रश्नही येथे येतो. या विषयाची पुस्तके इंग्रजीत आहेत, परीक्षाही इंग्रजीत. पण मैदानावर घाबरलेल्या मुलाशी, त्याच्या आईशी आणि गावच्या क्लबच्या कार्यकर्त्यांशी बोलायचे असते ते मराठीत, कोकणीत, गुजरातीत किंवा अहिराणीत. ‘कुठे दुखते’, ‘हलू नकोस’, ‘आज खेळायचे नाही’ ही वाक्ये कशी बोलावीत, याचाही सराव असावा. सुरतसारख्या बहुभाषी नगरीत हा सराव नैसर्गिकपणे होईल.

गोव्यासाठी बोध

छत्तिसाव्या राष्ट्रीय क्रीडा स्पर्धा मुळात गोव्याला मिळाल्या होत्या. त्या वारंवार पुढे ढकलल्या गेल्या आणि अखेर गुजरातने भरवल्या. सदतिसाव्या स्पर्धा गोव्यात २६ ऑक्टोबर ते ९ नोव्हेंबर २०२३ या काळात झाल्या. दोन्ही राज्यांनी लागोपाठ यजमानपद भूषवले, दोन्हींत नव्या सुविधा आल्या आणि आता दोन्हींसमोर प्रश्न एकच आहे : पाहुणे परतल्यावर मैदानाजवळ कोण राहिले?

फुटबॉल हा गोव्याचा राज्यक्रीडा प्रकार. शाळांच्या स्पर्धांपासून गावच्या क्लबांच्या आंतरग्राम सामन्यांपर्यंत तो बारा महिने खेळला जातो. फातोर्ड्याच्या मोठ्या सामन्याला डॉक्टर आणि रुग्णवाहिका असते. काणकोणच्या किंवा सत्तरीच्या गावातील मैदानावर बहुधा क्रीडाशिक्षक आणि पाण्याची बाटली एवढेच असते. बांबोळीपर्यंतचे अंतर अशा वेळी किलोमीटरमध्ये नव्हे, मिनिटांत मोजावे लागते.

छोट्या राज्याचा येथे एक फायदा आहे. प्रत्येक शाळेतील शारीरिक शिक्षकांपर्यंत पोहोचणे मोठ्या राज्यात कठीण, गोव्यात शक्य. क्रीडा आणि युवा व्यवहार संचालनालय, गोवा क्रीडा प्राधिकरण आणि गोवा वैद्यकीय महाविद्यालय ही तिन्ही एकमेकांपासून तासाभराच्या आत आहेत. बेळगावच्या फिजिओथेरपी महाविद्यालयांत शिकणारे विद्यार्थीही फार दूर नाहीत. सुरत, नाशिक, कोल्हापूर, बेळगाव आणि पणजी अशी आळीपाळीने फिरणारी परिषद झाली, तर दर काही वर्षांनी ती गोव्यात येईल. आणि मधल्या वर्षांत आपले विद्यार्थी इतरांचे काम पाहून येतील.

यासाठी मोठ्या निधीची वाट पाहण्याचे कारण नाही. एक सभागृह, एक मैदान, सरावाचे काही पुतळे, पट्ट्यांची खोकी, चार-पाच जाणते शिक्षक आणि शंभरेक उत्सुक विद्यार्थी एवढ्यावर पहिली परिषद उभी राहू शकते. बडोद्याच्या व्यायाममंदिराने आणि अमरावतीच्या मंडळाने याहून कमी साधनांत माणसे घडवली. पालकांनीही आपल्या मुलाच्या शाळेत एक साधा प्रश्न विचारायला हरकत नाही : सामन्याच्या दिवशी मैदानाच्या कडेला कोण उभे असते आणि त्याला काय येते? हा प्रश्न पुरेशा घरांतून विचारला गेला, तर उत्तर देण्यासाठी माणसे तयार करावीच लागतील.